पंधरा मिनिटांचा कोड

वाचनालयाच्या कार्यवाहांनी माझा टीव्ही परत आणून दिला तेव्हा तो पुसून लख्ख केलेला होता. मागच्या जाळीतली धूळसुद्धा काढली होती. सोबत नारळाच्या वड्यांचा डबा होता, कारण आमच्याकडे शेजाऱ्याची वस्तू रिकाम्या हातांनी परत करत नाहीत. भांडं नेलं तर घासून आणि आत चिमूटभर साखर तरी घालून द्यायचं. टीव्हीत साखर घालता येत नाही, म्हणून वड्या.

"भाऊ, अगदी नवा करून दिलाय," ते म्हणाले. "आतूनसुद्धा. आमचं काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही."

मी त्यांचे आभार मानले. नंतर बरेच दिवस मला राग येत राहिला तो याच गोष्टीचा.

टीव्ही गेला होता वाचनालयाच्या डिजिटल दालनाच्या उद्घाटनाला. दालन म्हणजे पूर्वीची मासिकांची खोली. कपाटं व्हरांड्यात सरकवून भिंतींना आकाशी रंग दिला होता. मोठा पडदा मंजूर झाला होता, पण आला नव्हता. पाहुणेही मंजूर झाले होते, आणि ते मात्र येणार होते. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की समई एका घरची, सतरंज्या दुसऱ्या घरच्या, माईक गणेशोत्सव मंडळाचा. शाल आणि श्रीफळ तेवढं विकत. त्या हिशेबात टीव्ही माझा. नाही म्हणण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. होतं, पण ते चार माणसांत सांगण्यासारखं नव्हतं.

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पाहुण्यांनी फीत कापली, म्हणजे कात्री बोथट निघाल्याने शेवटी दोन बाजूंनी ओढून तोडली. मग त्यांच्या हातात फुलं लावलेला रिमोट दिला. त्यांनी बटण दाबलं आणि त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सभासदाने दुसऱ्या, खऱ्या रिमोटचं बटण दाबलं. वाचनालयाच्या वाटचालीची चित्रफीत सुरू झाली. पाहुणे म्हणाले, आजपासून रत्नागिरी जगाशी जोडली गेली. इथल्या बंदरांतून माणसं कित्येक पिढ्या आफ्रिकेत आणि आखातात जात आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही. टाळ्या वाजवल्या.

ती चित्रफीत दाखवण्यासाठी कार्यवाहांनी माझ्या टीव्हीवर वाचनालयाचं खातं उघडलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्यांना काळजी पडली की आता हे खातं दुसऱ्याच्या घरी उघडं राहणार. म्हणून त्यांनी टीव्ही रिसेट केला, दुकानातून आल्या दिवशी होता तसा. ही काळजी त्यांना आपोआप पडलेली नव्हती. वर्षभरापूर्वी त्याच वाचनालयात 'सायबर सुरक्षा आणि आपण' या विषयावर व्याख्यान झालं होतं. उसन्या यंत्रावर आपलं खातं उघडं ठेवू नका, आणि ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका, हे त्यातले दोन मुख्य मुद्दे. व्याख्याता मी होतो. कोर्टात बेंच क्लार्क म्हणून एकतीस वर्षं काढल्यामुळे फसवणुकीची प्रकरणं मी जवळून पाहिली आहेत, असा माझा परिचय करून दिला होता. मलाही शाल मिळाली होती.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे तांदूळ धुतले, कुकर लावला आणि टीव्ही सुरू केला. त्याने मला भाषा निवडायला सांगितली.

त्या टीव्हीत माझी बायको होती. असं लिहिलं की उगीच नाट्यमय वाटतं, म्हणून नीट सांगतो. ती इथल्या एका शाळेत दहावीला गणित शिकवायची. टाळेबंदीच्या वर्षी शाळेने सांगितलं की धडे घरून रेकॉर्ड करून पाठवा. तिने मागच्या खोलीत फळा टांगला, स्टुलावर पुस्तकांची चळत रचली, वर फोन ठेवला आणि भूमितीचं अख्खं पुस्तक शिकवून टाकलं. त्रेचाळीस धडे. व्हिडिओंच्या एका सेवेवर तिने खातं उघडलं होतं आणि त्यावर ते टाकून मुलांना दुवे पाठवायची.

वर्ष संपल्यावर तिच्या लक्षात आलं की त्रिकोणमितीच्या एका धड्यात साठ अंशांच्या साइनची किंमत तिने एक छेद दोन लिहिली आहे. ती तीस अंशांची. कोणा मुलाने तक्रार केली नव्हती, पण तिला झोप लागेना. सेवेत एक सोय असते, व्हिडिओ खाजगी करायचा, म्हणजे खातेदाराशिवाय कोणालाच तो दिसत नाही. तिने एक धडा खाजगी केला. मग म्हणाली, एकात चूक आहे तर बाकीच्यांत नसेल कशावरून, आणि त्रेचाळीसही केले. दिवाळीच्या सुट्टीत सगळे तपासून पुन्हा खुले करायचे, असं ठरलं होतं. दिवाळीच्या आधीच तिचं दुखणं निघालं. ती जाऊन आता तीन वर्षं झाली. धडे खाजगीच राहिले.

तपासायला सोपं जावं म्हणून तिनेच एका दुपारी टीव्हीवर आपलं खातं सुरू केलं होतं. टीव्हीवर आठ अक्षरांचा कोड आला, मी तो कोर्टात पुकारा करावा तसा मोठ्याने वाचला, तिने फोनवर टिपला आणि 'परवानगी द्या' असं काहीतरी दाबलं. क्षणभराने टीव्हीवर तिचे धडे ओळीने उभे राहिले. "बघा, भरला वर्ग," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी रोज संध्याकाळी एक धडा पाहायला लागलो. भूमितीची मला शाळेत धास्ती होती. आता मला वर्तुळाची सगळी प्रमेयं येतात. माझा आवडता धडा सव्विसावा, स्पर्शिकाखंडाचा. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या तर त्यांची लांबी सारखी असते. ती आधी पक्ष लिहिते, मग साध्य, मग सिद्धता सुरू करते. सिद्धतेच्या मध्यावर स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू येते. ती फळ्यावरून मान न वळवता म्हणते, "अहो, गॅस बारीक करा." मग मुलांना म्हणते, "हे तुमच्या परीक्षेत येणार नाही. पुढे बघा."

पहिल्यांदा तो धडा पुन्हा पाहिला तेव्हा मी खरोखर उठलो होतो. पुढे मी कुकर लावण्याची वेळच अशी बसवली की ते वाक्य यावं आणि मी उठून गॅस बारीक करावा. उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो, त्यामुळे ते जमायचं. शहाणा माणूस हे कोणाला सांगत नाही. टीव्ही उसना न देण्याचं माझं कारण हे होतं.

भाषा निवडली, वायफाय जोडलं, व्हिडिओंची सेवा उघडली. टीव्हीवर एक पत्ता आणि त्याखाली आठ अक्षरं आली. दुसऱ्या यंत्रावर हा पत्ता उघडा आणि हा कोड टाका. कोड पंधरा मिनिटं चालेल.

मी बायकोच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात संगणकांचं सगळं बघते, चाळिशीला आली आहे, आणि अजूनही माझ्या बायकोला बाई म्हणते. रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन आली. मी तिला म्हटलं, टीव्हीला पासवर्ड आठवत असेल ना कुठेतरी आत.

"काका, टीव्हीला पासवर्ड कधी कळलेलाच नसतो," ती म्हणाली. तिने समजावून सांगितलं ते असं. टीव्हीवर टाइप करणं अवघड, म्हणून तो सेवेकडे जाऊन सांगतो की माझ्या दारात कोणीतरी आहे, कोड द्या. आपण फोनवरून, जिथे आपली ओळख आधीच पटलेली आहे तिथून, तो कोड टाकून हो म्हणायचं. तोपर्यंत टीव्ही दर काही सेकंदांनी विचारत राहतो, झालं का, झालं का. हो म्हटलं की सेवा टीव्हीला एक टोकन देते. ते तासाभराचंच असतं. ते संपलं की नवं मागण्यासाठी दुसरं, टिकाऊ टोकन असतं. बाईंनी एकदा हो म्हटलं होतं, आणि त्या एका होकारावर टीव्ही इतकी वर्षं दर तासाला नवा परवाना आणत होता.

मला ते लगेच समजलं. हे मुखत्यारपत्र झालं. बायकोने टीव्हीला मर्यादित कामापुरतं मुखत्यार नेमलं होतं. कायद्याने मुखत्यारपत्र लिहून देणारा गेला की ते संपतं. हे टीव्हीला कोणी कळवलं नव्हतं. तो आपला तिच्या वतीने जात राहिला आणि सेवाही त्याला धडे देत राहिली. कार्यवाहांनी टीव्ही आतून घासला तेव्हा दोन्ही टोकनं धुऊन निघाली.

पासवर्ड होता. तिच्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. विद्यार्थिनीने तो लॅपटॉपवर टाकला. सेवेने तो बरोबर असल्याचं मान्य केलं आणि सांगितलं की हे यंत्र आमच्या ओळखीचं नाही, तेव्हा तुमच्या मोबाईलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते टाका.

तिचा मोबाईल मी दिवसपाणी झाल्यावर केळशीला मेहुणीला देऊन टाकला होता. ताईची आठवण म्हणून तिने तो मागितला, आणि घेतल्यावर मुलाकडून साफ करून घेतला. तिच्या नंबरचं रिचार्ज मी थांबवलं होतं. सुप्रभातचे संदेश तिच्या नावाने येत राहावेत हे मला बघवत नव्हतं. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, हे मी माझ्या व्याख्यानात सांगितलं होतं.

मी माझ्या फोनवरून बायकोच्या नंबरला फोन लावला. एका पुरुषाने उचलला. मागे इंजिनाची धडधड होती. मी त्याला सगळं सांगितलं, शक्य तितकं थोडक्यात, आणि म्हटलं, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील, तेवढे वाचून दाखवा.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाचा, तुमच्या जागी मी असतो तर तुम्ही दिले असते?"

मी म्हटलं, नसते दिले.

"मग माफ करा," असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचं बरोबर होतं. माझं व्याख्यान त्याने ऐकलेलं नसूनही त्याला ते पाठ होतं. आम्ही आणखी दोनदा आकडे पाठवायला लावले, त्याने फोन उचलला नाही. चौथ्या वेळी सेवेने सांगितलं, बरेच प्रयत्न झाले, नंतर या.

मग विद्यार्थिनीने तिच्या ओळखीच्या शिक्षकांकडून त्या वर्षीच्या दहावीच्या मुलांना विचारून पाहिलं, कोणी एखादा धडा फोनमध्ये उतरवून ठेवला होता का. मुलं आता पुण्यात, मुंबईत, दोघं मस्कतला. सगळ्यांना बाई आठवत होत्या. फोन सगळ्यांनी बदलले होते.

आठवड्याने त्या माणसाचाच फोन आला. तो मिरकरवाड्याला एका मच्छीमार लाँचवर तांडेल होता, म्हणजे लाँचचा म्होरक्या. समुद्रावरून परत आला होता. म्हणाला, बाईंचा एखादा फोटो असेल तर घेऊन या, बघू. मी आणि विद्यार्थिनी गेलो. जाळ्यांच्या ढिगाशेजारी उलट्या क्रेटवर त्याने आम्हाला बसवलं. पन्नाशीचा, पांढरी दाढी नीट कातरलेला माणूस. त्याने शाळेच्या निरोप समारंभातला तिचा फोटो हातात घेतला आणि लांब धरून पाहिला, चष्मा नसलेली माणसं बघतात तसा.

"ह्या होय," तो म्हणाला. "ह्यांचे फोन येतात मला. शिक्षक दिनाला तर दिवसभर. पोरं हॅलोपण म्हणत नाहीत, डायरेक्ट 'बाई, ओळखलंत का?' पहिल्या वर्षी सांगायचो, राँग नंबर. मग एका पोरीने सांगितलं, गणिताच्या होत्या, फार चांगल्या होत्या. तेव्हापासून सांगतो, बाई बाहेर गेल्यात, निरोप ठेवतो."

विद्यार्थिनी जेटीकडे बघत राहिली.

"निरोप कोणाला द्यायचे ते माहीत नव्हतं," तो म्हणाला. "घ्या, पाठवा तुमचे आकडे."

विद्यार्थिनीने क्रेटवरच लॅपटॉप उघडला. सहा आकडे आले. त्याने ते सावकाश, दोनदा वाचून दाखवले. सेवेने त्याचे आभार मानले, म्हणजे माझ्या बायकोचे. मग लिहून आलं की नुकतेच अनेक प्रयत्न झाल्यामुळे आणखी एका खात्रीची गरज आहे. पूर्वी जिथे हे खातं वापरलं आहे अशा एखाद्या यंत्रावरून होकार द्या.

अशी यंत्रं जगात दोनच होती. एक केळशीला मेहुणीने साफ केलेलं. दुसरं वाचनालयाने.

आम्ही 'अशी यंत्रं उपलब्ध नाहीत' हा पर्याय निवडला. तीन दिवसांनी उत्तर आलं: हे खातं तुमचंच आहे याची खात्री आम्हाला पटू शकली नाही. मी ते बऱ्याचदा वाचलं. खातं माझं नव्हतंच. उत्तरात चूक काढायला जागा नव्हती. पक्ष स्पष्ट होता, साध्यही स्पष्ट होतं. सिद्धतेच्या जागी कोरा फळा.

मयत व्यक्तीच्या खात्यासाठी वेगळा अर्ज असतो. तो मात्र मी स्वतः भरला, त्या कामात माझा हात कोणी धरणार नाही. मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला, माझं ओळखपत्र, सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं, त्यांवर सही-शिक्का. विनंतीच्या रकान्यात मी लिहिलं की मला खातं नको, पैसे नकोत, पत्रं नकोत. धडा क्रमांक सव्वीस हवा आहे. कोर्टात असे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. मुद्द्याला सोडून काहीतरी लिहिणारी माणसं असायची, मयताला गोड फार आवडायचं, वगैरे. मी ते वाचून बाजूला ठेवायचो आणि पेन्सिलीने 'त्रुटी' असा शेरा मारून अर्ज परत करायचो. ती माणसं तरी खिडकीपाशी उभी राहून माझ्याकडे बघू शकत होती.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. भाषा सौजन्याची होती, माझ्या दुःखात ते सहभागी होते. खातेदाराच्या गोपनीयतेचा आदर म्हणून आतला मजकूर ते देऊ शकत नव्हते. मात्र माझी इच्छा असल्यास खातं कायमचं बंद करून देऊ शकत होते. एवढं एकच काम करायला ते तयार होते. मी उत्तर दिलं नाही.

या सगळ्यात कोणी चुकीचं वागलं असं मला दाखवता येत नाही. बायकोने चुकीचं गणित मुलांच्या हाती राहू दिलं नाही. कार्यवाहांनी वस्तू घासून परत दिली. तांडेलाने अनोळखी माणसाला आकडे दिले नाहीत. सेवेने एका बाईचं खातं एका पुरुषाच्या हाती पडू दिलं नाही. चूक शोधायची म्हटलं तर साठ अंशांच्या साइनची किंमत, तेवढी एक.

कार्यवाहांना मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते रडतील, आणि मग मला त्यांची समजूत काढावी लागेल. परवा सभेत ते नव्या सभासदांना म्हणत होते, लोकांची वस्तू परत कशी करावी ते शिका, भाऊंना विचारा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हो, अगदी नव्यासारखा. मोठा पडदा अजून आलेला नाही. आला की पुन्हा उद्घाटन आहे, आणि पाहुण्यांची तारीख मिळाली आहे. या खेपेला कार्यवाहांनी समई मागितली, ती दिली.

तांडेलाचा शिक्षक दिनाला फोन आला. नऊ फोन आले म्हणाला, एक कुवेतहून. नावं त्याने नातीकडून वहीत लिहून घेतली होती. त्याने एकेक वाचलं आणि मी ऐकलं. बरीच नावं मला नवीन होती.

टीव्ही मी तसाच ठेवला आहे. संध्याकाळी तांदूळ धुतो, कुकर लावतो आणि टीव्ही सुरू करतो. पत्ता येतो, खाली आठ अक्षरं येतात. दर काही सेकंदांनी तो आत सेवेला विचारत असतो, झालं का, झालं का, आणि सेवा त्याला सांगते, अजून नाही. पंधरा मिनिटांनी कोड संपतो, पडदा एकदा काळा होतो आणि नवी आठ अक्षरं येतात.

पडदा काळा झाला की मी उठतो आणि गॅस बारीक करतो. वेळ साधारण जुळते. एखाद्या दिवशी भात तळाला लागतो.